दोन घोटांचे साहेब

मुलुंड पूर्वेला गव्हाणपाड्यातल्या एका चार मजली सोसायटीत मधुकरराव टिपणीस राहतात. वय सत्तर, तब्येत ठणठणीत, स्वभाव तसा दिलदार. पण त्यांनी कुणाची बेल वाजवली, की त्या घरातल्या बाईची धांदल उडायची. ती आधी दाराच्या भिंगातून बघायची, मग स्वयंपाकघराकडे तोंड करून दबक्या आवाजात म्हणायची, "गॅस बंद करा आधी, टिपणीस आलेत!" उकळी आलेलं पातेलं झाकून ओट्याच्या कोपऱ्यात सरकवलं जायचं आणि मधुकररावांच्या पुढ्यात यायचं कोकम सरबत. मे महिन्यात सरबत, जानेवारीत सरबत, एकदा तर त्यांना सणकून सर्दी झालेली असतानाही सरबतच.

यात त्या बायकांची काही चूक नव्हती हो. मधुकररावांनी छत्तीस वर्षं घाटकोपरच्या एका चहाच्या कंपनीत नोकरी केली, आणि नोकरी कसली, तर चहा चाखायची. ऐकणाऱ्याला वाटतं, काय मजा आहे बुवा! मजा डोंबलाची. लांबच लांब टेबल, त्यावर दीडशे-दोनशे पांढरे वाडगे, प्रत्येकात वेगळ्या मळ्याचा चहा. साहेबांनी चमचा बुडवायचा, सुर्रकन ओढायचा, जिभेवर घोळवायचा, बाजूच्या उंच पिंपात थुंकायचा आणि दहापैकी नंबर सांगायचा. चार. सहा. साडेपाच. की पुढचा वाडगा. दिवसाला दोनशे वेळा थुंकणारा माणूस चहा पिईल कशाला? मधुकरराव पीत नसतच. घरी, दारी, लग्नात, बारशात, कुठंही कप आला, की दोन घोट घ्यायचे, डोळे बारीक करायचे, नंबर जाहीर करायचा आणि कप खाली. त्यांनी पूर्ण कप संपवलेला कुणी पाहिला नव्हता.

बरं, चहापुरतं थांबलं असतं तरी चाललं असतं. पण जिभेचा धंदा हळूहळू डोक्यात शिरला. रिक्षावाला पाच, कारण ब्रेक कचकन मारतो. दातांचा डॉक्टर सात, हात हलका पण बोलतो फार. चौथ्या मजल्यावरच्या अप्पांच्या मयताला जाऊन आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "गर्दी आठ, गुरुजी तीन." त्यांच्या पत्नी शुभाताई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

आणि शुभाताईंनी तरी किती सोसावं? मधुकरराव त्यांना बघायला आले होते, ती गोष्ट त्या कुणालाही, न विचारता, सांगतात. "मी ट्रे घेऊन गेले. ह्यांनी दोन घोट घेतले. आमचे बाबा जीव मुठीत धरून बघतायत, मुलगा काय म्हणतो. आणि हा माणूस म्हणतो कसा, पाणी नीट उकळलेलं नाही, पण पत्ती चांगली आहे. आणि दुसऱ्या दिवशी होकार! मला अजून कळलेलं नाही, होकार मला होता की पत्तीला." लग्नानंतर तीस वर्षं त्यांनी रोज सकाळी नंबर ऐकला. मग एक दिवस कप देणंच बंद केलं. स्वतःचा मग काठोकाठ भरून घ्यायच्या आणि मधुकररावांपुढं आमटीच्या वाटीत दोन घोट. "तेवढ्यासाठी कप कोण विसळत बसणार?" मधुकररावांना त्यातही काही खटकलं नाही. वाटीतल्या चहालाही ते नंबर देत राहिले.

अशा माणसाला मित्र किती असणार? एकच होता, पण बावनकशी. भाऊराव इंगोले. जालन्याकडून विशीत गोवंडीला मामांकडे आलेला हा बौद्ध तरुण कंपनीत चिकटला तो थेट मधुकररावांच्या चाखण्याच्या खोलीत. पत्ती काट्यावर तोलायची, पाणी खळखळून उकळायचं, बरोबर पाच मिनिटं झाली की वाडग्यांत गाळायचं, साहेबांच्या मागं पाटी घेऊन चालायचं आणि बोलतील तो नंबर लिहायचा. म्हणजे मधुकररावांनी जन्मात जेवढा चहा तोंडात घेतला, त्यातला निम्म्याहून जास्त भाऊरावांच्या हातचा. दोघं एकाच वर्षी निवृत्त झाले. तेव्हापासून एका रविवाराआड भाऊराव मुलुंडला येणार, शुभाताईंच्या हातचं वालाचं बिरडं चापून खाणार आणि मग दोघं बुद्धिबळाच्या पटावर संध्याकाळपर्यंत भांडणार, हे ठरलेलं. भाऊराव "साहेब, तुम्ही" म्हणायचे, मधुकरराव "अरे भाऊराव, तू" म्हणायचे, आणि त्या साहेबात आणि त्या तूमध्ये माया सारखीच होती.

आपण मात्र भाऊरावांच्या घरी जात नाही, हे मधुकररावांच्या कधी ध्यानातच आलं नाही. भाऊराव येतात, आपण भेटतो, झालं की. असं चाललं होतं, एका सोमवारी अंबादासचा फोन येईपर्यंत.

अंबादास कंपनीतला जुना स्टोअरकीपर. आवाज असा, की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागतो. "काय टिपणीस! शनिवारी येतोयस ना घाटकोपरला? भाऊरावच्या माधुरीनं फ्लॅट घेतलाय, स्वतःच्या नावावर! सकाळी बुद्धवंदना, मग जेवण. आपली सगळी गँग आहे."

"हो हो, म्हणजे काय!" मधुकरराव म्हणाले. फोन ठेवला आणि शुभाताईंकडे बघितलं. "मला फोन आला नाही अजून. येईल."

मंगळवार गेला. बुधवार गेला. गुरुवारी मधुकररावांनी काहीतरी निमित्त काढून स्वतःच फोन लावला, पेन्शनच्या कागदांवर दहा मिनिटं बोलले, आणि भाऊराव "बरं साहेब, ठेवतो" म्हणून मोकळे. शनिवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते नऊ वाजल्यापासून खुर्चीत बसले होते. शुभाताई म्हणाल्या, "अहो, गडबडीत विसरला असेल."

"सगळी कंपनी आठवली आणि मी विसरलो गेलो?" मधुकररावांचा आवाज चक्क कापला. दुपारी एक वाजता त्यांनी शर्ट बदलला. जेवताना आमटीला नंबर दिला नाही, तेव्हा शुभाताईंना खरी काळजी वाटली.

रविवारी भाऊराव आले. वार ठरलेला होता, आणि माणूस शब्दाला पक्का. हातात पेढ्यांचा पुडा. तो टेबलावर ठेवला आणि ते पंख्याकडे बघत बसले.

"माधुरीचं अभिनंदन," मधुकरराव म्हणाले. "कार्यक्रम झकास झाला असेल."

"झाला."

"सगळे होते म्हणे."

भाऊरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "साहेब, मी लपवणार नाही. घर माझ्या लेकीचं आहे, पण चूल आमच्या हिच्या ताब्यात. ही म्हणाली, ज्या माणसाला आपल्या घरचं चालत नाही, त्याला बोलावून त्रास कशाला द्यायचा?"

"चालत नाही? मला? कोण म्हणालं असं?" मधुकरराव उठूनच उभे राहिले.

मग भाऊरावांनी सांगितलं. माधुरीचं बारसं होतं, चौतीस वर्षांपूर्वी, गोवंडीच्या घरी. साहेब चांदीचा खुळखुळा घेऊन आले होते. कंपनीचा साहेब आपल्याकडे येणार म्हणून सोनूबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या बायकोनं, दोन नवे कप आणले होते. म्हशीचं दूध आणून, वेलची कुटून, बाळंतीण असूनही स्वतः उठून चहा केला होता. दारात गल्लीतल्या दहा-बारा बायका उभ्या. साहेबांनी दोन घोट घेतले, कप खाली ठेवला, हात जोडले, "येतो" म्हणाले आणि गेले. कप जवळजवळ भरलेला. दारातली एक म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बघ गं, टाकला. कितीही करा, टाकणार ते टाकणारच."

"मग?" स्वयंपाकघराच्या दारातून शुभाताईंनी विचारलं. त्यांच्या हातातला डाव तसाच होता.

"मग काय वहिनी. ही उठली, तो कप उचलला आणि सगळ्यांच्या देखत उभ्यानं पिऊन टाकला. म्हणाली, माझा चहा चांगला झालाय. आणि आत जाऊन रडली."

मधुकरराव मटकन खाली बसले. "अरे, पण मी सगळीकडेच टाकतो! चेअरमनच्या घरी टाकला होता, तू बघितलंस. तुला माहीत आहे ना, भाऊराव?"

"मला माहीत आहे, साहेब. मी तिला हजारदा सांगितलं, त्यांची सवय आहे. ती म्हणते, सवयच असते सगळ्यांची."

"मग मला सांगायचंस की कधीतरी!"

"सांगून काय? तुम्ही माफी मागितली असती, तिनं मान हलवली असती. माझी पंचाईत टळली असती, तिच्या मनातलं तसंच राहिलं असतं." भाऊराव उठले. त्या दिवशी बिरडं तसंच राहिलं, पटही मांडला नाही.

त्या संध्याकाळी मधुकरराव बाल्कनीत बसून तो चहा आठवू लागले, आणि आठवला की! ती जीभ काय विसरते? फार उकळलेला, वेलचीनं दाबलेला, तीन नंबरचा चहा. पण त्याबरोबर आणखीही एक गोष्ट आठवली आणि ती जास्त बोचली. दुसऱ्या कुणाच्या घरी त्यांनी तो तीन तोंडावर सांगितला असता, हसले असते, "वहिनी, पुढच्या वेळी कमी उकळा" म्हणाले असते. त्या घरात ते गप्प बसले. बिचाऱ्यांना वाईट वाटेल, असं मनात आलं होतं. बिचारे! बारशाच्या घरात, खुळखुळा हातात घेऊन, ते मनात बिचारे म्हणाले होते. मधुकररावांना स्वतःची खरीखुरी लाज वाटली.

"मी उद्याच जातो," ते शुभाताईंना म्हणाले.

"जाल आणि तिथंही दोन घोट पिऊन याल. वाट लावाल सगळ्याची." शुभाताई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आधी घरात एक अख्खा कप पिऊन दाखवा. नंबर न देता."

झालं! दुसऱ्या दिवसापासून सत्तराव्या वर्षी शिकवणी सुरू. पहिल्या दिवशी दोन घोट नेहमीसारखे गेले, आणि मधुकरराव अडले. तिसरा घोट कसा असतो, हेच त्यांना माहीत नव्हतं. छत्तीस वर्षं चहातला माणूस, पण चहा हळूहळू कोमट होतो, वर साय धरते, तळाशी साखर जरा जास्त लागते, यातलं काहीच त्याच्या गावी नाही! आणि नंबर तर तोंड बंद केलं तरी चेहऱ्यावर यायचा. शुभाताई समोर बसून हवालदारासारख्या ओरडायच्या, "भुवई! भुवई खाली घ्या! दिसतोय मला साडेचार!"

गुरुवारी कप संपला. शुभाताईंनी तो उलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "आता बाहेर."

मधुकररावांनी दुसऱ्या मजल्यावरच्या रेवतीची बेल वाजवली. रेवती तिशीतली, दार उघडताच "काका, सरबत..." म्हणाली. "सरबत नको गं. चहा कर," काका म्हणाले. पोरीचा चेहरा बोर्डाच्या परीक्षेला बसल्यासारखा झाला. तिनं चहा आणला, समोर बसली आणि नंबराची वाट बघू लागली. काका पीत राहिले. नंबर येईना. आता एवढ्या शांततेत बसणार तरी किती, म्हणून रेवती बोलू लागली. तिनं नोकरी सोडलीय आणि सासूला अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघते आणि मैत्रिणीच्या गाळ्यात बसून केक करते. परवा सासूनं तोच केक दुकानातून विकत आणला आणि हिलाच खिलवला, वर म्हणाली, शिक काहीतरी! मधुकरराव इतके हसले, की सोफ्यावर चहा सांडला.

वर आल्यावर म्हणाले, "अगं शुभा, ती रेवती काय धमाल आहे!"

"आठ वर्षं धमालच आहे. तुम्ही पाच नंबर देऊन उठायचात. काय तर म्हणे, जिन्यात चपला काढते."

मधुकररावांना ते पटलं. नंबर दिला की काम संपतं, मग समोरचा माणूस काय बोलतो, कुणाला ऐकायचंय? पुढचा वाडगा! त्या आठवड्यात त्यांनी सोसायटीतल्या सहा घरांत चहा प्यायला. जिन्यात लोक त्यांना बघून पळायचे थांबले. सकाळी दूधवाला आला तरी मनात आकडा यायचा नाही, आला तरी जांभई देऊन निघून जायचा. एका दुपारी ते नुसते बाल्कनीत बसले होते. खाली कुणी गाडी वेडीवाकडी लावत होतं, समोरच्या इमारतीत कुणी बेसूर गात होतं, आणि मधुकररावांना ना त्या गाडीशी देणंघेणं होतं ना त्या गळ्याशी. त्यांना एकदम फार मोकळं वाटलं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, ड्युटी मात्र आज संपली.

पण मूळ काम बाकीच होतं. बुधवारी दुपारी भाऊराव विहारातलं वाचनालय सांभाळतात, हे त्यांना ठाऊक होतं. मुद्दाम तीच वेळ धरून ते निघाले. मित्राच्या आडून जायचं नव्हतं. चार वाजता घाटकोपरच्या पंतनगरात, नव्या टॉवरच्या नवव्या मजल्यावर त्यांनी बेल वाजवली, आणि दाराच्या भिंगाकडे बघत शर्टाची कॉलर सारखी केली.

सोनूबाईंनी दार उघडलं. पासष्टीची, ठेंगणी, ताठ बाई. "ते घरी नाहीत."

"माहीत आहे, वहिनी. मी तुमच्याकडे आलोय."

दारात आलेल्याला परत पाठवायची रीत सोनूबाईंच्या घरात नव्हती. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी आणलं. मधुकररावांनी अख्खा ग्लास घटाघटा संपवला. सोनूबाई रिकाम्या ग्लासाकडे बघत उभ्या राहिल्या. चहाचं नाव काढेनात. शेवटी मधुकररावांनी लाज सोडली. "वहिनी, चहा मिळेल?"

"आमचा चहा तुम्हाला चालत नाही."

"तसं नाही वहिनी, माझा धंदाच तसा होता. मी कुठंच..."

"ते तुम्हाला ठाऊक," सोनूबाई म्हणाल्या. "आम्हाला कप दिसला. आमच्या गावच्या हॉटेलात आमच्या लोकांची कपबशी बाहेर वळचणीला असायची. स्वतः काढायची, पिऊन स्वतः धुवून ठेवायची. माझ्या बापाला मी पाहिलंय. म्हणून मुंबईत आल्यावर मी ठरवलं होतं, माझ्या घरात नवे कप असतील आणि येणारा त्यातून पिऊन जाईल. पहिला पाहुणा तुम्ही."

सोनूबाई आत गेल्या. पातेलं ठणकन गॅसवर आपटलं, डबे खाडखाड उघडले-मिटले, आणि थोड्या वेळानं ट्रेमध्ये दोन कप आले. एक त्यांनी पाहुण्यापुढं ठेवला, दुसरा तसाच ट्रेमध्ये राहिला. त्या बसल्या नाहीत.

मधुकररावांनी कप उचलला. एक घोट, दोन, तिसरा, चौथा. नजर सारखी सोनूबाईंच्या चेहऱ्यावर. इतकी तयारी केलेली, तिसरा घोट सरळ गेला, सगळं कसं छान चाललं होतं, आणि कप रिकामा होताच आनंदाच्या भरात त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वा वहिनी! फर्स्ट क्लास! दहापैकी दहा!"

सोनूबाईंचा चेहरा तापला. "कुणी मागितले नंबर?"

"नाही, मी म्हटलं, चांगला..."

"तेव्हा नापास केलंत, आता पास करायला आलात? परीक्षा कुणी लावली होती? मी चहा केला होता. पाहुण्यासाठी, पाहुण्यानं प्यावा म्हणून. तुमचा शून्य नको आणि दहाही नको मला!"

मधुकररावांना वाटलं, संपलं, आता उठावं. भाऊराव आता कुठल्या तोंडानं मुलुंडला येणार? पण ते बसूनच राहिले. मग जे बाल्कनीत स्वतःशी कबूल केलं होतं, तेच त्यांनी हळूहळू सांगितलं. "वहिनी, तेव्हा मी तीनच दिला होता. मनातल्या मनात. दुसऱ्या कुणाच्या घरी असतो तर तोंडावर बोललो असतो, चेष्टा केली असती. तुमच्या घरी गप्प बसलो. वाटलं, यांना कशाला दुखवा."

"म्हणजे वेगळं धरलंत."

"हो," मधुकरराव म्हणाले. "वेगळं धरलं. चुकलं माझं."

सोनूबाई समोरची खुर्ची ओढून बसल्या. "हे खरं बोललात. हे बाकी कामून सांगायला आला नाहीत इतकी वर्षं?"

"कळलंच नव्हतं हो मला."

सोनूबाईंनी सुस्कारा सोडला, ट्रेमधला आपला कप उचलला आणि एक घोट घेतला. घेतला आणि डोळे मोठे केले. "अगं बाई! यात साखरच नाही!"

मधुकररावांनी आपल्या रिकाम्या कपात डोकावून बघितलं.

"रागारागात साखरच घातली नाही मी! आणि तुम्ही अख्खा प्यायलात? वर दहा?"

"मला... मला कळलंच नाही, वहिनी."

"दोनशे चहांची चव सांगणारा माणूस तुम्ही! हे तर सांगायचे, साहेबांची जीभ म्हणजे कंपनीची दौलत आहे. आणि साखर नाही ते कळलं नाही?"

"घाबरलो होतो हो. जीभ बधिर झाली होती."

"कुणाला घाबरला होतात?"

"तुम्हाला!"

सोनूबाईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू कुठलं थांबायला? खांदे हलायला लागले, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांचं बघून मधुकररावही सुटले. दोन म्हातारी माणसं नवव्या मजल्यावर अशी काही हसली, की शेजारच्या दाराची कडी वाजली.

मग पातेलं परत चढलं. या वेळी सोनूबाईंनी साखरेचा डबाच बाहेर आणून टेबलावर ठेवला. गप्पांना सुरुवात झाली. माधुरीनं कर्जाचे कागद स्वतः कसे पुरे केले, सोनूबाईंना लिफ्टमध्ये अजून कशी धडकी भरते, गुडघ्याला कुठलं तेल बरं, शुभाताई बिरड्याला वाल किती दिवस भिजवतात. मधुकरराव ऐकत होते, मध्येच सांगत होते, कप उचलत होते, ठेवत होते. बारशाच्या दिवशी दारात कोण उभं होतं, कोण साहेब, कोणाचं घर, हे सगळं डोक्यातून गेलंच होतं. ते पाहुणे म्हणून आले होते आणि घरच्यासारखे बसले होते. दुसरा कप कधी संपला, तेही त्यांना कळलं नाही.

सहाच्या सुमाराला भाऊरावांनी किल्लीनं दार उघडलं. समोर साहेब, शेजारी बायको, मध्ये साखरेचा डबा. भाऊराव दारातच उभे राहिले. आपण दुसऱ्याच्याच घरात शिरलो की काय, असा त्यांचा चेहरा.

"या की आत, बघता काय," सोनूबाई म्हणाल्या. "आणि ऐका. येत्या रविवारी मुलुंडला जायचं नाही. हे वहिनींना घेऊन इकडे येतायत जेवायला. माधुरीला सुट्टी आहे." मग त्या मधुकररावांकडे वळल्या. "त्या शनिवारी तुम्हाला बोलावलं नव्हतं ते मीच. माझं चुकलं असं मी म्हणणार नाही."

"म्हणू नका," मधुकरराव म्हणाले. "बरोबरच होतं ते."

भाऊराव खुर्चीत बसले. चौतीस वर्षं एका बाजूला बायको आणि एका बाजूला मित्र धरून हा माणूस मध्ये उभा होता. सोनूबाईंनी त्यांच्यापुढं कप ठेवला आणि साखर नसलेल्या चहाची सगळी हकिगत, मधुकररावांच्या नकलेसकट, सांगितली. दहापैकी दहा म्हणतानाचा तो आवाजही काढला. मधुकररावांनी कान धरले.

"इतकी वर्षं मला सांगत आलात," सोनूबाई नवऱ्याला म्हणाल्या, "की साहेबांची जीभ वेगळी आहे, आपल्यासारखी नाही. काही वेगळी नाही हो. घाबरली की बधिर होते, गोड मिळालं की हलते. आपल्यासारखीच आहे."

मधुकररावांना कंपनीनं निरोपाच्या वेळी शाल दिली होती, मानपत्र दिलं होतं. त्यातल्या एकाही ओळीनं त्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं नव्हतं. ते आत्ता आलं, आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

"भावजी, अर्धा घ्या अजून," सोनूबाई म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी कप पूर्ण भरला.